मधला ए-फ्लॅट

मुखपृष्ठावर ती उघड्या खांद्यांची, निळ्या उजेडात.
खोटं आहे ते.
त्या रात्री व्हर्डेल सिम्सच्या अंगावर नवऱ्याचा लोकरी कोट होता
आणि पायात मोज्यांचे दोन जोड,
कारण रेडिएटर फुसफुसायचा, माइकला सगळं ऐकू यायचं,
म्हणून हीटिंग बंद.
क्लीव्हलंड, फेब्रुवारी एकोणसाठ.
गाद्यांच्या गोदामावरचा मजला,
खिडकीत गोठलेलं सरोवर.

मी अँटन ह्रोवाट. पियानो लावतो.
म्हणजे, लावायचो.
रेकॉर्डच्या पाठीवर मला शोधू नका.
तिथं मुंगीच्या अक्षरांत चारच नावं,
त्यातही एमेटच्या नावातला एक टी गाळलेला.
तो म्हणाला, असू दे,
पोस्टातल्या पगाराच्या चेकवर बरोबर लिहितात, तेवढं पुरे.
दिवसभर तो पत्रं निवडायचा.
बोटांवर कागदाचे काप, त्यावर बासच्या तारांचे घट्टे.

क्लीटसची मोठी झांज उसनी होती, काठाला चिरलेली.
चीर तो भिंतीकडे वळवून ठेवायचा,
पाहुण्यांसमोर चादरीची फाटकी बाजू
गादीखाली सारावी तशी.

पण सांगायचं होतं ते पियानोचं.
मधल्या ए-फ्लॅटची एक खुंटी लाकडात धरेना.
तार ताणावी, कान समाधानाने मान डोलावतो न डोलावतो
तोच ती उतरायला लागायची,
दारुड्यानं जिना उतरावा तशी, कठडा धरून.
काडेपेटीचा पुठ्ठा कापून मी खुंटीभोवती ठोकला.
लूशस टार्व्हर बाजूला उभा होता, हातमोजे घालून.
किती टिकेल?
म्हटलं, तीन गाणी. चौथं देवाच्या भरवशावर.
त्यानं देवाचा थोडा विचार केला
आणि म्हणाला, मग मी तिथं जातच नाही.

दोन रात्री, अकरा गाणी.
सगळी जुनी, नाण्यावरचा राजा झिजतो तशी झिजलेली.
मी इंग्रजी शिकलो ती याच गाण्यांवर,
त्यामुळे मला प्रेमाचे शब्द आधी आले
आणि घरभाड्याचे नंतर.
व्हर्डेल ठेक्याच्या मागून यायची,
बस चुकलेल्या बाईसारखी, पण घाई न करता,
आणि बस दर वेळी
तिच्यासाठी थांबलेली असायची.
क्लीटस थांबवून धरायचा ती. ब्रशनं. जेमतेम.

शेवटचं गाणं नेमकं ए-फ्लॅटवरच मिटतं.
पट्टी बदलू या का, लूशसनं विचारलं.
ती म्हणाली, माझा गळा आता फक्त इथंच राहतो.
मग तिनं शेवटचा शब्द घेतला,
एमेट खाली खर्जात जाऊन उभा राहिला,
आणि लूशसची बोटं त्या सुराच्या दोन्ही अंगांना
टेकली, मधली पट्टी सोडून.
एवढी रिकामी जागा,
तिच्यात तिचा आवाज एकटा,
कोट घातलेला.
काचेमागचा माणूस टेप थांबवायचं विसरला.

वर्षभरानं एका जाणकारानं पेपरात लिहिलं:
टार्व्हर यांचा थोर संयम.
लूशसनं ते कात्रण मला पोस्टानं पाठवलं,
खाली पेन्सिलीनं: खुंटीला कळव.

व्हर्डेल पुन्हा रेकॉर्ड करायला आली नाही.
नवरा आजारी, मग ती, मग कुणीतरी म्हणालं टोलेडोला गेली.
मला खरं माहीत नाही.

रेकॉर्डिंगनंतरच्या मंगळवारी मी जाऊन
खुंटी बदलली होती. नवी, एक नंबर जाड.
सूर पक्का बसला.
रिकाम्या खोलीत मी तो दहा-बारा वेळा वाजवून पाहिला.
बरोबर होता. नुसताच बरोबर.
बिल लिहिलं, साडेतीन डॉलर,
आणि पुठ्ठ्याचा तो तुकडा
का कोण जाणे, खिशात टाकला.